खैराबादच्या लेकीचे वीस रुपये

विक्रम संवत १६९८, म्हणजे इसवी सन १६४१. आग्रा शहरात एक जैन व्यापारी आपल्या आयुष्याचा हिशेब लिहून काढतो. वय पंचावन्न. माणसाचं पूर्ण आयुष्य एकशे दहा वर्षांचं धरलं तर आपलं अर्धं झालं, म्हणून पुस्तकाचं नाव ठेवतो 'अर्धकथानक'. लिहिणारा बनारसीदास. आपल्या मंदिरांत स्वाध्यायाला 'समयसार नाटक' लावतात, ते लिहिणारे हेच. अध्यात्माचे एवढे मोठे कवी म्हटल्यावर त्यांचं आत्मचरित्रही मोक्षमार्गावरच असेल असं कुणालाही वाटेल. पण पावणेसातशे पद्यांच्या या पुस्तकात पानोपानी भेटतं ते घेणं-देणं. कुणाकडून किती घेतलं, कशात घातलं, किती बुडालं, कुणाचे फेडले.

आपल्याकडे संतांची चरित्रं पुष्कळ आहेत. पण घरात एकच माणूस कमावतो, त्याच्या डोक्यावर देणं होतं आणि मग ते घर काय करतं, हे आकड्यांसकट सांगणारं जुनं पुस्तक विरळाच. नाथूराम प्रेमींनी १९४३ मध्ये मुंबईच्या हिंदी ग्रंथ रत्नाकर या आपल्या प्रकाशनातून ते छापलं, म्हणून आज ते वाचायला मिळतं. पंडित लोक त्यात बनारसीदासांचं मतपरिवर्तन शोधतात, इतिहासकार मुघलकाळचा व्यापार शोधतात. मी त्यात घर शोधलं. बाई आहे, संसार करते, त्यामुळे नजर आधी तिकडेच जाते.

आधी घराची पाठ पाहू. बनारसीदासांचे आजोबा मूलदास हे माळव्यात नरवरला एका मुघल जहागीरदाराचे मोदी होते. इसवी सन १५५६ च्या सुमारास ते वारले. घरात कमावणारे ते एकटेच. मागं विधवा आणि पाच-सहा वर्षांचा मुलगा खरगसेन. जहागीरदारानं मूलदासांचं घरदार, चीजवस्तू जप्त केली. बाई मुलाला घेऊन माहेरी, जौनपूरला आली. जौनपूर पार पूर्वेला, गोमतीच्या काठी. एका माणसाच्या मिळकतीवर उभं राहिलेलं घर एका दिवसात कसं जमिनीवर येतं, हे त्या बाईनं पाहिलं होतं. तीच बनारसीदासांची आजी.

पुढं खरगसेन जवाहिरे झाले, नांदते झाले. पण संकट पुन्हा आलं. १५९८ च्या आसपास जौनपूरचा अधिकारी किलिच खान यानं शहरातल्या जवाहिऱ्यांना पकडून कोंडलं, मारहाण केली. सुटका झाल्यावर सगळे वाट फुटेल तिकडे पळाले. खरगसेनांचं कुटुंब शहजादपूरला गेलं. तिथं अकरा-बारा वर्षांच्या बनारसीनं कवड्यांची देवघेव करून पहिली कमाई केली आणि ती आजीच्या हातात आणून ठेवली. आजीनं त्या पैशाचा प्रसाद करून वाटला. पोरानं आणलेल्या चार पैशांचा एवढा सोहळा का, हे ज्यांना नरवरची हकीकत ठाऊक आहे त्यांना वेगळं सांगायला नको.

आता मूळ गोष्ट. संवत १६६७, म्हणजे १६१० च्या सुमारास खरगसेनांनी मुलाला बोलावून माल हवाली केला आणि आग्र्याला जाऊन व्यापार कर म्हणून सांगितलं. मालाची यादी पुस्तकात आहे: माणकं, मणी, नीलम, पाचू, दागिने, शिवाय वीस मण तूप, दोन बुधले तेल आणि दोनशे रुपयांचं जौनपुरी कापड. यात काही पैसा घरचा होता, काही लोकांचा. म्हणजे पहिल्या दिवसापासून डोक्यावर देणं होतंच.

आग्र्याला पोचल्यावर जे झालं ते वाचताना हसू येतं आणि पोटात गोळाही येतो. काही रत्नं इजारीच्या नाडीत बांधून ठेवली होती, नाडी तुटली, रत्नं गेली. काही माणकं कपड्यात बांधून टांगली होती, ती कपड्यासकट उंदरांनी नेली. एक दागिना ज्याला विकला त्याचं दिवाळं निघालं. वरून आजारपण आलं. मुलाची ही दशा पत्रातून वडिलांना कळली. बनारसीदासांनी घरचं सामान विकून खायला सुरुवात केली, आणि तेही संपलं तेव्हा रात्री घरात बसून 'मधुमालती' आणि 'मृगावती' या प्रेमकथा वाचून दाखवायला लागले. दहा-वीस माणसं ऐकायला जमायची. त्यांत एक कचोरीवाला होता.

या कचोरीवाल्याचं नाव बनारसीदासांनी लिहिलेलं नाही. रोज त्याच्याकडून कचोऱ्या उधारीवर खायच्या, असा क्रम सुरू झाला. काही दिवसांनी बनारसीदासांनीच त्याला एकांतात सांगितलं, बाबा, माझ्याकडे काही नाही, मला उधार देऊ नकोस. त्यावर त्याचं म्हणणं असं पडलं की वीस रुपयांपर्यंत खा, तुम्हाला कुणी काही बोलणार नाही. सहा-सात महिने असे गेले.

या उधारीचा आकडा पुढं येतो: चौदा रुपये. आज चौदा रुपयांत एक कचोरी येत नाही, म्हणून हा आकडा त्या काळात नेऊन पाहिला पाहिजे. अबुल फजलच्या 'आईन-ए-अकबरी'त साध्या बिगाऱ्याची रोजची मजुरी दोन दाम दिली आहे, आणि चाळीस दामांचा एक रुपया. म्हणजे एक रुपया मिळवायला त्या मजुराला वीस दिवस राबावं लागे. त्या मापानं चौदा रुपये म्हणजे दोनशे ऐंशी दिवसांची मजुरी. दोन्ही गोष्टींत पंधराएक वर्षांचं अंतर आहे, तेव्हा हे माप थोडं मागंपुढं धरा. तरीसुद्धा एका फेरीवाल्यानं परक्या गावच्या, बुडालेल्या माणसावर जवळजवळ वर्षभराची मजुरी सोडून दिली होती एवढं कळतं. आपल्या गल्लीतला किराणावाला नवऱ्याची नोकरी गेल्यावरसुद्धा महिन्याचं सामान 'लिहून ठेवतो वहिनी' म्हणून देतो ना, त्याच जातीचा हा माणूस.

पुढं सासरकडच्या एका नातेवाइकानं बनारसीदासांना आपल्या घरी नेलं. मग धरमदास नावाच्या ओसवाल तरुणाबरोबर भागीदारी जमली. भांडवल पाचशे रुपये. दोघं जिन्नस घ्यायचे, विकायचे, पै-पैचा हिशेब ठेवायचे. आणि हातात पैसा येऊ लागल्यावर बनारसीदासांनी कचोरीवाल्याला बोलावून विचारलं, माझं किती झालं? चौदा रुपये. ते देऊन टाकले.

इथं मी थांबले. कारण वडिलांचे शेकडो रुपये बुडवून बसलेल्या माणसाचं चौदा रुपयांनी काय हलकं होणार होतं? पण संसारात ज्यांनी देणी फेडली आहेत त्यांना हे बरोबर कळेल. मोठं कर्ज डोंगरासारखं उभं असतं. ते एकदम हलत नाही. छोटं, ओळखीच्या माणसाचं, ज्याचा कागद नाही आणि जो तगादा लावत नाही, असं देणं आधी दिलं की माणूस रस्त्यानं मान वर करून चालू लागतो. व्याजाच्या गणितानं पाहिलं तर जास्त व्याजाचं कर्ज आधी फेडावं, हे खरंच आहे, आणि आज दरमहा तीन टक्क्यांनी वाढणारं देणं असेल तर तेच आधी मारलं पाहिजे. पण ज्याच्या जिवावर आपण जेवलो त्याचे पैसे याद्यांच्या तळाशी ढकलायचे नसतात. दोन्ही गोष्टी सांभाळून यादी करावी लागते.

भागीदारी दोन वर्षं चालली. शेवटी हिशेब मांडला तर जेवढं मिळवलं तेवढंच खाण्यापिण्यात गेलेलं. शिल्लक काही नाही. संवत १६७० मध्ये भागीदारी मोडली. त्याच सुमारास वाटेत एक पुरचुंडी सापडली, तिच्यात आठ मोती. ते घेऊन बनारसीदास सासरी, खैराबादला निघाले. बायको तिथं माहेरी होती.

लग्न झालं तेव्हा बनारसीदास अकरा वर्षांचे होते. खैराबादच्या कल्याणमलांची ही मुलगी. आता लग्नाला पंधरा-सोळा वर्षं झालेली. रात्री नवरा-बायको बोलत बसले. तिनं आग्र्याची हकीकत विचारली. शेवटी खरं काय ते त्याच्या तोंडून बाहेर आलं, की काही मिळवलेलं नाही, होतं तेही गेलं. तेव्हा तिनं आपल्याजवळचे वीस रुपये काढून त्याच्या हातावर ठेवले. हे मी साठवलेले आहेत, काळजी करू नका, माणूस जगला तर सगळं पुन्हा होतं, अशा अर्थाचं ती बोलली.

ती एवढ्यावर थांबली नाही. आईकडे गेली. तिला सांगितलं, हे कुणाला कळू देऊ नकोस, तुझ्या जावयाला फार लाज वाटते आहे, मदत मिळाली नाही तर काही दिवसांत ते निघून जातील. आई म्हणाली, दुःख करू नकोस, माझ्याजवळ दोनशे रुपये आहेत, ते मी गुपचूप देते, त्यांनी पुन्हा आग्र्याला जावं.

आता वरचंच माप लावा. वीस रुपये म्हणजे मजुराचे चारशे दिवस. दोनशे रुपये म्हणजे चार हजार दिवस, जवळजवळ अकरा वर्षं. आणि हे पैसे कुठल्या वहीत होते? कल्याणमलांच्या नाही, खरगसेनांच्या नाही. ते कुठून आले असतील हे तुम्हा-आम्हाला कुणी सांगायला नको. सणावाराचं, भाऊबीजेचं, बाळंतपणात हातावर पडलेलं, महिन्याच्या खर्चातून मागं टाकलेलं. माझी आई ज्वारीच्या कणगीत पुरचुंडी ठेवायची. आमच्या बेळगावकडे अशा पैशाला कुणी नाव देत नाही, 'असू दे जवळ' एवढंच म्हणतात.

त्या रात्रीतल्या दोन गोष्टींकडे माझं पुन्हा पुन्हा लक्ष जातं. पहिली गोष्ट म्हणजे खरं बोलणं. दोन-तीन वर्षं बनारसीदास आग्र्यात होते. भागीदार होता, मित्र होते, नातेवाईक होते. घरच्यांना मात्र कळलं ते दुसऱ्याच्या पत्रातून. फेडीचा मार्ग उघडला तो नवऱ्यानं बायकोपाशी आकडा सांगितला तेव्हा. आजही एका पगारावर चालणाऱ्या कितीतरी घरांत बायकोला हप्ता माहीत असतो, पण मुद्दल किती राहिलं, जामीन कोण आहे, सोसायटीचं वेगळं आणि मित्राकडचं वेगळं किती, हे माहीत नसतं. 'तुला कशाला उगाच काळजी' म्हणून सांगितलं जात नाही. काळजी तर ती करतेच, फक्त अंधारात करते. आकडा कळला तर ती काहीतरी करेल. खैराबादच्या लेकीनं एका रात्रीत दोनशेवीस रुपये उभे केले.

दुसरी गोष्ट म्हणजे गुपित. 'कुणाला कळू देऊ नकोस.' नवऱ्याची आणि माहेरची अब्रू झाकायला हे गुपित लागलं, हे समजतं. त्यानं त्या माणसाला उभं राहता आलं, हेही खरं. पण गुपिताची किंमत बाई देते. जे गुपचूप दिलं जातं ते कुठं लिहिलं जात नाही, आणि जे लिहिलं जात नाही ते पुढच्या पिढीला दिसत नाही. बनारसीदासांचा मोठेपणा असा की त्यांनी निदान पुस्तकात ते लिहिलं. आपण सासूच्या पैशावर पुन्हा उभे राहिलो हे चारशे वर्षांपूर्वीच्या व्यापाऱ्यानं उघड लिहिणं सोपं नव्हतं. आजही किती जावई लिहितील?

त्या पैशानं चमत्कार झाला नाही. बनारसीदासांनी कापड घेतलं, ते धुवून घेतलं, मोती घेतले, आग्र्याला गेले. कापडाचा भाव पडलेला, त्यात खोट आली. चाळीस रुपयांचा मोत्यांचा हार मात्र सत्तरला गेला, तीस रुपये सुटले. त्यावरून त्यांनी ठरवलं की यापुढं कापड घ्यायचं नाही, जवाहिराचाच धंदा बरा. म्हणजे दुसऱ्या फेरीत एवढंच मिळालं, आपल्याला काय येतं आणि काय येत नाही याची समज. पुढं भागीदाऱ्या झाल्या, प्रवास झाले, चढउतार झाले. कर्जातून माणूस असाच वर येतो, दोन पावलं पुढं, एक मागं.

वर येताना श्रीमंतांची तऱ्हाही त्यांनी पाहिली. नरोत्तमदास या मित्राबरोबर ते सबलसिंह नावाच्या मोठ्या सावकाराच्या पैशावर व्यापार करत होते. हिशेब मिटवायला आग्र्याला आले, तर शेटजींना वेळ नाही. गाणंबजावणं, मेजवान्या, भेटीगाठी चाललेल्या, आणि देणेकरी दारात रोज ताटकळत. शेवटी अंगा साह नावाच्या मध्यस्थानं हिशेब मिटवून दिला आणि फारकतीचा कागद झाला. आपल्या मराठीतली फारकत तीच. नवरा-बायको वेगळे झाले की आपण तो शब्द वापरतो, पण त्याचं मूळ देणं-घेणं मिटल्याच्या कागदात आहे. आज बँकेचं कर्ज संपलं की 'काही देणं नाही' असा दाखला आणि ठेवलेली मूळ कागदपत्रं परत घ्यायची असतात. कितीतरी घरांत शेवटचा हप्ता भरल्याच्या आनंदात हा कागद आणायचा राहून जातो. कचोरीवाल्याला कागद लागला नाही, सबलसिंहाकडून मात्र घ्यावा लागला. कुठं शब्द पुरतो आणि कुठं कागद लागतो, हे ओळखणं हाही प्रपंचच.

हे उत्तरेत चाललं होतं त्याच काळात आपल्या मुलखात देहूला तुकोबांच्या घरी काय चाललं होतं? १६३० च्या सुमाराचा तो मोठा दुष्काळ, वडिलोपार्जित सावकारी आणि दुकान मोडलेलं. महिपतीनं सांगितलेल्या तुकाराम-चरित्रात कथा आहे की जिजाईनं स्वतःच्या नावावर दोनशे रुपये कर्ज काढून नवऱ्याला व्यापाराला दिले. त्याचे अडीचशे झाले, आणि परत येताना कर्जापायी अडकलेला एक गरीब ब्राह्मण भेटला, त्याला ते तुकोबांनी देऊन टाकले. कीर्तनात ही गोष्ट तुकोबांच्या दयेसाठी सांगतात. ती दया थोरच. पण खतावर नाव जिजाईचं होतं. तगादा तिच्या दारात येणार होता. पिढ्यान्‌पिढ्या तिला कजाग म्हणून आपण मोकळे झालो. एक मात्र पाहा: खैराबादची सासू दोनशे रुपये देते आणि देहूची बायको दोनशेच रुपये उभे करते. एक खरी नोंद, एक चरित्रकाराची कथा, पण दोन्हीकडे घर सावरायला पुढं आलेला हात बाईचा.

आपल्या धर्मानं हिशेबाला कमी लेखलेलं नाही. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात सत्याणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत, त्यांत कूटलेखक्रिया, म्हणजे खोटा कागद करणं, आणि न्यासापहार, म्हणजे विश्वासानं ठेवलेली ठेव दाबणं, हे दोन आहेत. दहा दिवस पर्युषणात आपण हे ऐकतो आणि डोळ्यांसमोर बाजारपेठ आणतो. मला वाटतं, ते घरातही आणावं. बायकोचे डबे, आईच्या पाटल्या, सासूनं मोडलेली माळ, हे सगळं विश्वासानं ठेवलेलंच असतं. कर्ज फिटल्यावर घराला रंग लागतो, गाडी येते. पाटल्या गहाण होत्या त्या सुटून येतात की विसरल्या जातात, हे पाहायला हवं. परिग्रह-परिमाणाचं व्रतही इथंच कामाला येतं. एका पगारावर किती ओझं पेलेल याची मर्यादा आधी घालून घेतली की पुष्कळ कर्जं मुळात होतच नाहीत.

बनारसीदासांच्या त्या बायकोचं पुढं काय झालं तेही त्यांनी लिहिलं आहे. ती खैराबादलाच बाळंतपणात गेली, मूलही राहिलं नाही. तीच बातमी घेऊन आलेल्या न्हाव्यानं तिच्या बहिणीशी सोयरीक ठरल्याचं नारळही आणलं होतं. दोन्ही गोष्टी एकाच वेळी हातात पडल्या, असं बनारसीदास सांगतात. पुढं त्यांची एकूण तीन लग्नं झाली, नऊ मुलं झाली, एकही जगलं नाही. कचोरीवाल्याचे चौदा रुपये फिटल्याची नोंद पुस्तकात आहे. तिच्या वीस रुपयांना खातंच नव्हतं, तर फिटणार कुठून?

ज्या पुस्तकात नीलम किती, पाचू किती, तूप किती मण हे मोजून सांगितलं आहे, त्यात तिचं नाव नाही. कल्याणमलांची मुलगी एवढीच तिची ओळख.

दिवाळीत महावीर निर्वाणाच्या दिवशी आपल्याकडे नव्या वह्यांची पूजा होते. दुकान नसलं तरी बहुतेक घरांत एक वही असते, दूध, वीज, शाळेची फी, हप्ता लिहायला. यंदा त्या वहीत एक पान जास्तीचं घाला. वर घरातल्या बाईचं नाव लिहा. अडीअडचणीला तिनं काय दिलं, कधी दिलं, कोणता दागिना मोडला, माहेरून काय आणलं, ते खाली तारखेसह मांडा. ते परत करायचं की नाही हे ज्यानं-त्यानं ठरवावं. पण घरातल्या मुला-मुलींना ते पान वाचता आलं पाहिजे.